वरून दिसणारे अंगण

घर बांधताना आमच्या वाडवडिलांनी चारी बाजूंचा विचार केला, वरचा केला नाही. करण्याचे कारणच नव्हते. वर ऊन, पाऊस आणि फार तर एखादी घार! म्हणून परसातल्या न्हाणीला तीन बाजूंनी पत्रे, दाराला पोत्याचा पडदा आणि माथ्यावर मोकळे आकाश.

दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ ड्रोन घेऊन आला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला, हे आधी सांगते. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. सारे गाव एका नजरेत पाहणारीही मीच पहिली! मारुतीच्या देवळाचा कळस, ओढ्याचे वळण, उसाचे हिरवे चौकोन... मोबाईलवर ते पाहताना अंगावर काटा आला. तेवढ्यात शेजारच्या काकूंचे परस दिसू लागले. भावाने ड्रोन चटकन वळवला. पण काकूंना ते कसे कळावे? त्यांना ऐकू आली असेल ती फक्त डोक्यावरची घरघर.

राज्यशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मी नियम काढून वाचले. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हटले. तो उडवायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. हौसेखातर उडवायचा असेल तर २ किलोपर्यंतच्यालाही नाही. नकाशातल्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड. वजन मोजले, उंची मोजली, विमानतळापासूनचे अंतर मोजले. न्हाणीपासूनचे अंतर मोजावे, असे कोणाला वाटले नसावे!

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितले. स्त्रीला अशा खाजगी क्षणी चोरून पाहणे वा तिचे चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ प्रमाणे गुन्हाही आहे. पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? भिंतीवरून डोकावणाऱ्याचे तोंड तरी दिसते.

‘स्वामित्व’ योजनेत गावठाण मोजायला सरकारी ड्रोन आला, तेव्हा गावाला आधी कळले होते. घरोघरच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. बायका डोक्यावर पदर घेऊन अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. त्याची भीती कोणाला वाटली नाही.

भावाला मी म्हटले, उडवायच्या आधी आळीत सांगून ये. तो हसला, पण गेला.

आईने मात्र न्हाणीवर जुने लुगडे ताणून बांधले आहे. आत ऊन येत नाही, फरशी दिवसभर ओली राहते, म्हणून आजी रोज कुरकुरते.