सफरीच्या अलीकडे, सफरीच्या पलीकडे

‘सफर’ हा शब्द आपण फारसीकडून उचलला, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांनी अरबांकडून; मूळ एकच. मात्र स्वाहिलीत बाजारगावी जाऊन येणे हीसुद्धा ‘सफारी’च. सिंह दिसलाच पाहिजे अशी अट नाही.

टांझानियातल्या अरुशा गावी आम्ही उभयता गेल्या फेब्रुवारीत उतरलो, तेव्हा माझ्या डोक्यात मात्र सिंहच होता. हे गाव मेरू पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे १४०० मीटर उंचीवर. सेरेंगेटीकडे निघालेले पाहुणे आदली रात्र इथे काढतात आणि परतल्यावर, विमान गाठण्यापूर्वी, आणखी एक. आमचे बिऱ्हाड एका बागेत होते. कॉफीची झुडपे, केळी, कुंपणावर बोगनवेल, आणि एका वाकड्या बाभळीवर सुगरणींची पन्नासएक घरटी! सौ. चहाचा पेला हातात घेऊन जी त्या बाभळीखाली बसली, ती उठेना. “इथेच राहू या की चार दिवस,” म्हणाली. “जनावरं काय, राणीच्या बागेतही आहेत.”

रात्री पहाऱ्याला एक मसाई तरुण असे. अंगावर तांबडी चादर, हातात काठी. तो मला ‘बाबू’ म्हणे आणि हिला ‘बीबी’. जन्मभर कचेरीत खर्डेघाशी केलेल्या मला ‘बाबू’ मुळीच टोचले नाही. ‘बीबी’ने मात्र मी दचकलो. मग उलगडा झाला. स्वाहिलीत बाबू म्हणजे आजोबा आणि बीबी म्हणजे आजी. मला हसू आले, सौ.ला ते तितकेसे आले नाही.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याच्याशी गप्पा झाल्या. त्याचे आजोबा सेरेंगेटीत गुरे चारीत. १९५९ साली सरकारने सीमा आखल्या. सेरेंगेटी केवळ वन्य पशूंसाठी ठेवली. माणसांनी आपली गुरे घेऊन शेजारच्या गोरोंगोरोत राहावे, तिथे पशू आणि माणसे दोन्ही नांदतील, असे ठरले. आता तिथेही माणसे फार झाली, असे सरकारचे म्हणणे. म्हणून २०२२ पासून कुटुंबे टांगा प्रांतातल्या म्सोमेरा गावी हलवली जात आहेत. ज्यांची इच्छा आहे त्यांनाच नेतो, असे सरकार सांगते. दवाखाना अन् शाळाच आटल्या तर इच्छा कुठली, असे तिथले लोक विचारतात. ह्याचा थोरला भाऊ गेला. आई जायला तयार नाही. “गाईंना तिथलं गवत मानवेल का, एवढंच ती विचारते,” तो म्हणाला.

सफरीचे वर्णन मी इथे करीत बसत नाही. सिंह दिसले. विल्डबीस्टची हजारो वासरे दिसली. सगळे पाहावे असेच आहे. पण आम्हां पाहुण्यांना रान कसे अगदी निर्मनुष्य लागते! गोरोंगोरोच्या पठारावर झेब्र्यांच्या शेजारीच मसाईंच्या गाई चरत होत्या, तर गाडीतल्या एका गृहस्थांनी कॅमेरा खाली केला. चित्रात गाय आली की म्हणे सफारीची मजा जाते. सौ.ने मात्र आपल्या फोनवर हौसेने गाईच टिपल्या.

पाचव्या संध्याकाळी आम्ही धुळीने माखून बागेत परतलो. फाटक उघडता उघडता तो म्हणाला, “पोले ना सफारी.” प्रवासाहून आलेल्याला तिकडे असेच म्हणतात, तुम्हांला प्रवासाचा शीण झाला, त्याबद्दल सहानुभूती. निघताना शुभेच्छा सगळेच देतात. परतल्यावर दमणुकीची विचारपूस करणारी ही रीत मला फार आवडली.

हातपाय धुऊन आम्ही बाभळीखाली येऊन बसलो. सुगरणी केव्हाच निजल्या होत्या. सिंहांचे फोटो मी त्याला दाखवू लागलो. तो सभ्यपणे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “बाबू, वर पठारावर गाई कशा होत्या?”

सौ.ने आपला फोन पुढे केला. त्याने काठी झाडाला टेकवली, चित्र दोन बोटांनी मोठे केले आणि एकेका गाईच्या बरगड्या नीट न्याहाळल्या. मग कान पाहिले. कानांवर धन्याची खूण असते.

“आमच्या नव्हेत,” तो म्हणाला. “पण गवत बरं दिसतंय.”

आणि पुढचे चित्र कसे काढायचे, ते त्याने बीबीला विचारले.