दोराची निवड

प्रस्तरारोहण शिकू निघालेल्या मुलाची नजर दुकानात प्रथम जाते ती बुटांवर. ते स्वाभाविकही आहे. बोटे किंचित मुडपतील इतके घट्ट, पण न दुखणारे बूट पायात घालून पारखता येतात. हार्नेस कमरेच्या हाडांवर नीट बसतो की नाही, हेही कळते. सह्याद्रीच्या कड्यांवरून दगड सुटतात. तेव्हा हेल्मेटविषयी वाद संभवत नाही.

दोराची पारख मात्र अशी होत नाही. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न सर करून उतरताना सात जणांपैकी चौघे कोसळले. त्यांच्यामागे तुटलेला दोर हा जवळच्या दोरांतला सर्वांत जुना आणि दुबळा होता. भक्कम दोर सोबत असूनही वापरले गेले नव्हते.

आजचा आरोहणाचा नायलॉनचा दोर ताणला जातो आणि पडणाऱ्याचा हिसका सोसतो. न ताणणारा दोर तितकाच मजबूत दिसतो. परंतु तो हिसका थेट देहावर येतो. वापरलेल्या दोराची इजा तर आवरणाखाली दडलेली असू शकते. म्हणून पैसे अपुरे असतील, तर बूट उसने घ्यावेत. ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, असा दोर फुकटही घेऊ नये. बूट एकट्याचे असतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला सोबती असतो.