तिरपी नळी

स्वतःच्या हातांनी एक छोटी मोटार बांधावी, हे माझे फार दिवसांचे वेड होते. घरामागच्या पडवीत पोलादी नळ्या कापून व जोडून मी तिचा सांगाडा, म्हणजे चासी, उभी केली. तो काटकोनी सांगाडा पाहून मला मोठी धन्यता वाटली. "दादा, पत्रा कधी बसवायचा?" असे धाकटा भाऊ रोज विचारू लागला.

एके दिवशी शेजारचे सुतारकाका आले. त्यांनी सांगाड्याचे तीन कोपरे विटांवर टेकवले, मागच्या दोहोंवर जड पोती ठेवली आणि चौथ्या, अधांतरी कोपऱ्यावर मला उभे राहावयास सांगितले. तो कोपरा चांगला दोन बोटे खाली गेला! सारा सांगाडा पिळला होता.

काका हसून म्हणाले, "अरे, फाटकाला तिरपी पट्टी का मारतात? चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही."

मी खजील झालो. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंगने दबावे आणि शॉक-ॲब्सॉर्बरने तिचे हेलकावे शमवावेत, अशी माझी योजना होती. परंतु सांगाडाच वाकू लागला, तर स्प्रिंगने कशाच्या आधारावर काम करावे? वळणावर अशी गाडी हाती कशी राहणार?

इंग्लंडमधील कॉलिन चॅपमन यांच्याविषयी मी वाचले होते. त्यांनी विद्यापीठात इमारती व पूल यांच्या रचनेचे शास्त्र अभ्यासले होते. १९४८ साली त्यांनी एका जुन्या ऑस्टिन सेव्हन मोटारीपासून आपली पहिली गाडी घडवली. त्यांच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हन गाडीचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा होता. अनेकांनी तिचे सुटे भाग आणून ती घरीच जोडली. जाड लोखंडापेक्षा योग्य रचनेवर त्यांचा भर होता. मी वाचले होते. पण उमगले मात्र फाटकापाशी!

वर पत्रा बसवला असता, तर हा दोष कोणालाच दिसला नसता. क्षणभर मनात मोह आला. पण शेजारच्या आसनावर माझा भाऊच बसणार होता. मी सांधे कापले आणि जमेल त्या प्रत्येक चौकोनात तिरपी नळी बसवली. दोन महिने गेले. पुन्हा त्या कोपऱ्यावर उभा राहिलो, तेव्हा तो जेमतेम हलला.

पुढे माळावर गाडी धावली, तेव्हा सर्वांनी तिच्या तांबड्या रंगाची स्तुती केली. काका मात्र वाकून पत्र्याखालच्या तिरप्या नळ्या पाहत होते.