घंगाळातला सराव

2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील डॉक्टरने समुद्राच्या तळाविषयी लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पन्नाशी उलटल्यावर मी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रम केला. त्यात 18 मीटरपर्यंत उतरता येते. प्रगत अभ्यासक्रमात 30 मीटरपर्यंत. या पुढच्या पायरीची तयारी मात्र मी घरच्या घंगाळात केली.

त्याचे कारण सांगतो. तलावातील सरावात माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले, नाकात झोंबले आणि मी श्वास रोखून वर उसळलो. रुग्णांना रोज धीर देणारा मी क्षणात सारे विसरलो. इजा झाली नाही, हे सुदैव. वर येताना दाब घटतो, कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि उथळ पाण्यातही फुप्फुस फाटू शकते.

30 मीटरवर दाब चौपट असतो. टाकीतील हवा चौपट वेगाने संपते. घाबरून घेतलेले श्वास ती आणखी लवकर संपवतात. त्यातच नायट्रोजनमुळे बुद्धीला गुंगी येऊ शकते. अशा वेळी नवा विचार सुचत नाही. अंगवळणी पडलेली कृतीच उपयोगी पडते.

म्हणून पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, मी रोज दहा मिनिटे मास्कशिवाय चेहरा पाण्यात बुडवून, स्नॉर्केलने केवळ तोंडावाटे श्वास घेऊ लागलो. श्वास सोडताना मनात सहापर्यंत मोजायचे, श्वास रोखायचा नाही. पत्नी जवळ बसत असे. पहिला आठवडा ठसक्यांतच गेला. महिन्याभरात नाकाला लागणारे पाणी मनाला जाणवेनासे झाले. मग हाच सराव प्रशिक्षकासमोर तरणतलावात केला.

आपण जाणार असाल तर आधी तपासणी करून घ्या. दमा, हृदयविकार, फिट्स लपवू नका. नांदेडचे माझे स्नेही सर्दीमुळे किनाऱ्यावरच थांबले. कान मोकळे होत नसतील तर तेच शहाणपण. आणि शेवटच्या डाइव्हनंतर लगेच घाट चढू नका. लातूर समुद्रसपाटीपासून 600 मीटरहून उंच आहे. शरीरातील नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. अनेक डाइव्हनंतर विमानप्रवासासाठी किमान 18 तास थांबतात. तोच नियम मी घाटालाही लावतो.

त्या हिवाळ्यात खोल पाण्यात मास्क पुन्हा भरला. मी सहापर्यंत मोजले, नाकाने हवा सोडून मास्क रिकामा केला आणि तिथेच थांबलो.