मुक्कामी गाडीचे मास्तर

आमच्या गावात मास्तर दोन. एक शाळेतले, दुसरे एसटीतले. कंडक्टरला आमच्याकडे मास्तरच म्हणतात. शाळेतल्या मास्तरांनी मला लिहा-वाचायला शिकवलं. कॉलेजात जायला मात्र तयार केलं ते एसटीतल्या मास्तरांनी, तेही रात्री, मारुतीच्या पारावर.

साल १९८६. गाव माण तालुक्यातलं, पावसानं कायम पाठ फिरवलेलं. दहिवडीला माझी बारावी झाली आणि तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, जाहीर केलं, "ह्याला साताऱ्याला घालायचा. अण्णांच्या कॉलेजात." अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडलं, ही गोष्ट तात्या गहिवरून सांगत. पण कॉलेजचा फॉर्म कुठं मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं मास्तरांना.

सातारा-मुक्कामी गाडी रात्री नवाच्या सुमारास यायची आणि पहाटे साडेपाचला सुटायची. ड्रायव्हर गाडीतच पाय ताणायचे. मास्तर खांबावरच्या दिव्याखाली तिकिटांचा ट्रे मांडीवर घेऊन वेबिल लिहीत बसायचे. त्या जूनमध्ये तात्या मला रोज त्यांच्यासमोर नेऊन बसवत. मास्तरांनी दरसाल पोरं वाहून नेली होती. कोण कुठल्या कागदावाचून परत आलं, हे त्यांना पाठ होतं.

"शाळा सोडल्याचा दाखला एकदा कॉलेजात जमा झाला की हाती लागत नाही. आधी नकला काढ. तात्या, ई.बी.सी.च्या फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागंल. तलाठ्यापासनं सुरुवात करा, आजच."

फॉर्म त्यांनीच आणून दिला आणि माझ्याकडून भरून घेतला. 'इतर शिष्यवृत्ती' या रकान्यापाशी मी थांबलो. काही नव्हतंच, म्हणून पुढं गेलो. त्यांनी पेन्सिलीनं त्या रिकाम्या जागेवर टकटक केलं. "रकाना मोकळा सोडायचा नाही. काही नसंल तर 'निरंक' लिहायचं. मोकळ्या जागेत उद्या कुणी काहीबी लिहील." वेबिलात रोज पैशाचा हिशोब जुळवणारा माणूस होता तो. 'निरंक' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला.

पत्र्याची ट्रंक, वळकटी, मावशीनं दिलेला स्टोव्ह अशी माझी तयारी झाली. पोवई नाक्याजवळ एका खोलीत तिघांत मिळून राहायची सोय लागली. खानावळ परवडणार नव्हती. मास्तर म्हणाले, "त्यात काय? डबा गाडीवर द्या." आईनं दोन पितळी डबे काढले. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तात्यांचं नाव कोरलेलं. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या. एक डबा यायचा, आदल्या दिवशीचा रिकामा परत जायचा. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी. मास्तर डबा ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचे. पुसेगाव, कोरेगाव करत आठच्या पुढं गाडी साताऱ्याच्या फलाटाला लागायची, तेव्हा भाकरी चुलीवरून नुकती उतरवल्यासारखी गरम असायची. सुट्टीच्या दिवशी ते दुसऱ्या जोडीला बजावून ठेवायचे, "त्या पोराचा डबा आहे, विसरू नका."

आणि मी काय केलं? ऑगस्ट संपता संपता माझे शहरातले मित्र झाले. एके सकाळी अजिंक्यतारा चढून यायचं ठरलं. वाटेत स्टँड लागत होता. पण लुगड्याच्या पिशवीतला डबा हातात घेऊन त्यांच्यासोबत चालायची मला लाज वाटली. मी स्टँडकडं वळलोच नाही. गडावरून उतरल्यावर मिसळ खाल्ली. ती झणझणीत होती आणि मला आवडली, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून गेलो. मास्तरांनी डबा हातात दिला. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले, "रिकामा डबा न्यायला मला काही वाटत नाही. काल भरलेला नेला, तो लई जड लागला."

पुढचं मला दिवाळीत कळलं. पणत्यांसाठी वाती वळता वळता आई म्हणाली, "तुजा मास्तर चांगला हाय, पर एकदा गाडीला उशीर करून बसला. तुजी गाठ पडली न्हाई म्हनं. 'वहिनी, चूक माझी,' म्हनला. लेकरू उपाशी ऱ्हायलं माजं त्या दिवशी. मी बोलले त्याला चार शब्द."

मी गप्प बसलो. त्या दिवशी गाडी वेळेवरच होती. ते मला माहीत होतं, मास्तरांना माहीत होतं, आणि त्यांनी खाल्लेले ते चार शब्द माझ्या वाट्याचे होते.

पुढं त्यांची बदली झाली. निरोप घ्यायचा राहून गेला. आई आणखी वीस वर्षं जगली. एसटीचा विषय निघाला की ती उशिराची गोष्ट सांगायची, आणि दर वेळी मला वाटायचं, आता खरं सांगून टाकावं. नाही सांगितलं.

आजही कुठलाही फॉर्म भरताना मी एकही रकाना मोकळा सोडत नाही. 'देणे' असं लिहिलेलं दिसलं, की बँकेचं कर्ज फिटलेलं असूनही 'निरंक' लिहिताना हात क्षणभर थबकतो.