घराचे चित्र आणि लक्षणा

लक्षणा शिकवताना 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे जुने उदाहरण देण्याचा प्रघात आहे. प्रवाहावर वस्ती शक्य नाही, म्हणून वाच्यार्थ अडतो आणि गंगेचा काठ असा अर्थ घ्यावा लागतो. अलीकडे मी त्याच्या शेजारी फळ्यावर एक लहानसे घर काढते. संकेतस्थळाच्या वरच्या पट्टीत असते तसे. त्या घराचा अर्थ मुखपृष्ठ. त्याखाली तीन आडव्या रेघा. त्यांचा अर्थ विषयांची यादी.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: मुख्यार्थाचा बाध, त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. पहिल्या दोन वर्गाला चटकन सापडतात. अडते ते रूढीपाशी. 'जतन करा' यासाठी अजूनही कित्येक ठिकाणी फ्लॉपीचे चित्र असते. आजच्या मुलांनी ती वस्तू हाताळलेली नाही. बीडजवळच्या पालीसारख्या गावांतून येणाऱ्या अनेकांचा पहिला संगणक म्हणजे हातातला फोन. शिष्यवृत्तीच्या अर्जात बँकेचा खातेक्रमांक चुकलेला दिसतो. दुरुस्तीसाठी कोपऱ्यात नुसती पेन्सिल असते. ती दाबली तर भरलेले सारे पुसले जाईल, या धास्तीने मुलगी तिला हात लावत नाही. वर्षाची फी त्या एका अनाम चित्रापाशी अडून राहते.

संगणकावर यावर उपाय आहे. माऊसचा बाण चिन्हावर स्थिरावला की शब्दाची लहानशी पट्टी उमटते. ॲपलने १९९१ साली 'सिस्टिम ७'मध्ये 'बलून हेल्प' आणली, ती याच जातीची. आपल्या भाषेत ही टीपच. पोथीच्या समासातली, पण बोलावल्यावरच येणारी. फोनवर मात्र बाण नसतो. बोट टेकले की चिन्ह दाबले जाते; अर्थ विचारायला मध्ये जागाच उरत नाही. म्हणजे ज्या वाचकाला टीप हवी, नेमका त्याच्याच प्रतीतून समास कापलेला!

चिन्हांचा मोठा अनुभव आपल्या लोकशाहीला आहे. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह होते. आजच्या मतदानयंत्रावर नाव, छायाचित्र आणि चिन्ह शेजारी-शेजारी असतात. बोट ठेवल्यावर नाव दाखवू, असे तिथे कोणी म्हणत नाही.

शब्दांनी लहान पडदा गजबजतो, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु मुखपृष्ठ, शोध, दुरुस्ती, खाते एवढे चार शब्द चार चित्रांखाली सहज मावतात. क्वचित लागणाऱ्या चिन्हांना तरंगती टीप खुशाल असावी; कळफलकाने तिथवर येणाऱ्यालाही ती दिसावी, आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला चिन्हाचे नाव मिळावे. काव्यात अर्थ उशिरा उमगला तर रसिकाचा आनंद वाढतो. अर्जात तो उशिरा उमगला तर मुदत निघून जाते.