पहिला बॉल आणि उरलेले ४१९

आमच्या मैंदर्गीत घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि गल्लीत फक्त क्रिकेट. पण होस्टेलवर 'नीलेश कुलकर्णी' म्हटलं की पोरं विचारतात, "कुठल्या ब्रँचचा?" अरे बाबांनो, डोंबिवलीचा डावखुरा स्पिनर! ऑगस्ट १९९७, कोलंबो. कसोटीतल्या पहिल्याच बॉलवर अटापट्टू आउट, कॅच मोंगिया. असं करणारा पहिला भारतीय. क्विझवाल्यांचं पाठांतर इथेच संपतं.

पुढे जयसूर्या-महानामाने ५७६ धावांची भागीदारी केली आणि लंकेने ६ बाद ९५२ कुटल्या. कुलकर्णीच्या ७० ओव्हर, १९५ रन, विकेट तीच एक. तीन कसोट्यांत मिळून दोन विकेट, सरासरी १६६. पोरं हसतात. (फर्स्ट सेमला टॉप मारून एम-थ्रीला लटकलेले आपल्यात कमी आहेत का?) मी स्वतः डावखुरा स्पिन टाकतो, त्यामुळे मला हसू येत नाही. माझा खांदा सहाव्या ओव्हरलाच बोलायला लागतो. त्याने पाटा पिचवर ४२० बॉल टाकले! नंतरही मुंबईकडून रणजी खेळत राहिला, फर्स्ट-क्लासमध्ये साडेतीनशेच्या वर विकेट काढल्या.

२०१० मध्ये त्याने मुंबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकवणारी संस्था काढली. तिथली पोरं त्याला पहिल्या बॉलबद्दल विचारत असतील. मला संधी मिळाली तर मी सत्तराव्या ओव्हरबद्दल विचारीन.